डाव्या बाजूचं ठिगळ

लिफुका, हापाई
४ ऑक्टोबर

पूज्य तोआकासे आत्यांना मानासेचा वाकून नमस्कार.

देवाच्या दयेने आम्ही सगळे बरे आहोत, तुम्हीही ऑकलंडच्या थंडीत बऱ्या असाल. गुडघ्याला तेल लावत जा. हे पत्र पाद्रीबाईंबरोबर पाठवतोय, त्या मुलीच्या बाळंतपणाला तिकडे चालल्यात. रविवारी फोनवर बोललो तरी पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुमच्यापुढे माझ्या तोंडातून ‘हो आत्या’ याशिवाय दुसरं काही निघत नाही, तुम्हाला ठाऊकच आहे.

यंदा सुरणाची लावणी उशिरा झाली. तुमच्या सुनेने, फुसीने, तुमच्यासाठी चटई विणायला घेतली आहे आणि रोज मला ऐकवते, “ही चटई संपेल, पण तुमचा पितळी वाद्यांचा पसारा काही संपायचा नाही.” पसारा वाढलाय हे खरं. गेल्या महिन्यात फोआच्या देवळात जुनं कॉर्नेट सापडलं, त्यात कोंबडी अंडी घालत होती! पाद्री म्हणाले, “घेऊन जा बाबा, सुटलो एकदाचे.” घरी आणून घासलं तर दुसऱ्या कळेवर नंबर निघाला, तोंडावर कोरलेली वेल निघाली. कॉर्नेट माझ्या आजोबांच्या वयाचं. असं काही हाती लागलं की मला दोन दिवस जेवण सुचत नाही. लोक आता टोंगाटापूहून, फिजीहून, तुमच्या ऑकलंडहूनही फोटो पाठवतात: मानासे, हे काय आहे, कुठलं आहे, वाजेल का. मी सांगतो आणि माझं सहसा चुकत नाही. गावात थोडा भाव खाऊन असतो मी, लपवत नाही.

बाबांच्या वर्षाची तयारी चालू आहे. थडग्यावर घालायला पांढरी वाळू आणून ठेवली. काळे कपडे धुऊन धुऊन करडे पडलेत, पण नोव्हेंबरात तुम्ही येऊन सांगाल तेव्हाच उतरवू. बँडवाले रोज तालीम करतात. बाबांची खुर्ची रिकामी ठेवतात, मग बेसूर वाजवतात आणि म्हणतात, पेनिसिमानीकाका असते तर पायातली चप्पल फेकून मारली असती.

आत्या, रविवारी तुम्ही म्हणालात, “भावाच्या वर्षाला त्याचं युफोनियम घेऊन येतेय. थडग्यापाशी तूच वाजवायचंस. मी सांगते म्हणजे तुला चालेल.” माझ्या हातातला फोन फुसीने घेतला, कारण मी रडायला लागलो होतो. तिला वाटलं, आनंदाने. तुम्हालाही तसंच वाटलं असणार. तसं नव्हतं.

आता लिहितोच.

आपल्याकडे पोरांनी बापाच्या डोक्याला हात लावायचा नाही, बापाच्या पेल्यातलं प्यायचं नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत, पाठीत धपाटा घालून. मग बापाचे ओठ लागलेलं वाद्य तर लांबच. सगळ्या बेटांवरची वाद्यं मी उलटीपालटी करून पाहिली, पण घरातलं हे एकच कधी हातात घेतलं नाही. त्याचा नंबर काय, कोणी बनवलं, मला माहीत नव्हतं. लहानपणापासून मी बाबांच्या डाव्या हाताला खाली बसायचो. मला ती एकच बाजू ठाऊक. वादळात देवळाचं दार मोडलं, तेव्हा त्याच्या बिजागरीचं पितळ कापून बाबांनी ठिगळ लावलं होतं, ते त्याच बाजूला आहे.

बाबा गेले त्या दिवशी तुम्ही त्यांच्या उशाशी बसला होतात आणि मी बाहेर भट्टीपाशी डुकरं भाजत होतो, मुलाची जागा तीच. चटयांच्या ढिगावर युफोनियम ठेवून तुमच्याबरोबर बाहेर नेलं, ते मी धुरातून पाहिलं. बहिणीचा हक्क आहे, तुम्ही नेलंत, बरं केलंत. मी तेव्हाही काही म्हणालो नाही, आजही म्हणत नाही.

मार्चमध्ये तुमच्या ऑकलंडच्या ग्रॅहम नावाच्या दुकानदाराने पाच फोटो पाठवले. म्हातारा गोरा आहे, जुनी वाद्यं विकतो, माझा सल्ला घेतो. पॉलिश करून चकाचक केलेलं युफोनियम, समोरून, उजवीकडून, नंबर जवळून. मी तासाभरात उत्तर धाडलं. काय लिहिलं, ते शब्दाला शब्द आठवतं. ‘जुन्या चढ्या सुराचं आहे, आजच्या कुठल्याच बँडबरोबर जुळणार नाही. कळा झिजल्यात. असली वाद्यं ढिगाने मिळतात. ठेवण्यालायक नाही, फार तर दिवा करा.’

दिवा करा! बाबा तरी दुसरं काय वाजवत होते हो? जपानची नवी वाद्यं आल्यापासून त्यांचा सूर बँडशी जुळेना, म्हणून तालमीला खुर्चीत बसून नुसतं शिकवायचे आणि फणसाखाली एकटे बसून स्तोत्रं वाजवायचे. तो चढा सूर मी डोळे मिटून ओळखला असता. कोणी एकदा फुंकलं असतं तर! फोटोतून आवाज येत नाही, आत्या.

ऑगस्टमध्ये ग्रॅहमचा पुन्हा फोटो आला. ‘तुझा सल्ला मानला, बघ किती छान दिसतंय.’ कुठल्याशा हॉटेलात टेबलावर दिवा ठेवलाय. यावेळी फोटो डावीकडून काढला होता. देवळाच्या बिजागरीचं ठिगळ दिसलं. लगेच विचारलं, परत मिळेल का. तो बिचारा हळहळला. कळा उपटून भंगारात गेल्यात, नळीला भोकं पाडून वायर घातली आहे. त्यातून आता वारासुद्धा वाजायचा नाही.

त्याच्याकडे ते कोणी आणून दिलं, तेही त्याने कळवलं. ते नाव मी लिहिणार नव्हतो. तुम्हाला वाटतंय युफोनियम तुमच्या गॅरेजमध्ये आहे. एकदा जाऊन बघा. तुमच्या लिसिआतेवर ओरडू नका. मामाच्या वस्तूवर भाच्याचा हात असतोच, आपली रीतच तशी, आणि त्याला काय माहीत. मला तर माहीत असायला हवं होतं. त्याच्यावर राग आला होता, खूप आला होता. आता ओसरला म्हणावं तर तसंही नाही.

फुसीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “तुमच्या कबाडात त्याच्यासारखं दुसरं असेलच. ठिगळ मारा, लिसिआतेच्या हवाली करा. आत्यांना या वयात काय दिसतंय?” असं दुसरं आहे माझ्याकडे. त्या दाराची दुसरी बिजागरीसुद्धा अजून खिळ्यांच्या डब्यात पडली आहे. दोन दिवसांत असं करून देईन की बँडमधला एकही माणूस ओळखणार नाही. परवा बिजागरी हातात घेतलीही होती. पण थडग्यासमोर तुम्ही डोळे मिटून ऐकाल आणि तुमचा भाऊ त्यात नसेल. ते माझ्याने व्हायचं नाही.

म्हणून हे पत्र. मला शिव्या द्या, वर्षाला तोंड दाखवू नकोस म्हणा, मी भट्टीपाशी उभा राहीन.

एकच गोष्ट उरली आहे. बाबा ओठांना लावायची वाटी युफोनियमला कधी लावून ठेवत नसत, शर्टाच्या खिशात ठेवायचे. तो शर्ट अजून खुंटीवर आहे आणि खिसा खाली ओढल्यासारखा दिसतो. वर्षभर आम्ही कोणी त्याला हात लावला नाही. फुसी त्याच्याखालचं झाडते, तेही अंग चोरून.

आत्या, तुम्ही या. रिकाम्या हाताने या. शर्ट खुंटीवरून तुम्हीच काढा आणि वाटी माझ्या हातावर ठेवा. मग ‘वाजव’ म्हणालात, तर माझ्याकडच्या दुसऱ्या युफोनियमला लावून वाजवीन. ‘त्याच्याजवळ पुरून टाक’ म्हणालात, तर वाळू उकरून पुरीन. पण माझ्या हातात एकदा द्या.

सगळ्यांची ओळखून आपल्याच बापाचं वाद्य न ओळखलेला,
तुमच्या भावाचा मुलगा
मानासे