एका शब्दात कळव

प्रिय नोएलिया,

तुझं पत्र येऊन आज एकोणीस दिवस झाले. तू फार काही मागितलेलं नाहीस. येतोयस की नाही, एका शब्दात कळव, बाकीची कादंबरी नको, एवढंच. दुकानावरच्या माझ्या खोलीसाठी घरमालक दुसरा भाडेकरू बघतोय, तुझ्या बाबांचा हात बूट शिवायची आरी धरताना थरथरतो, आणि साल्तो गावचा एक कारागीर कामावर यायला तयार आहे. म्हणजे घाई आहे, कळतंय मला. पण एका शब्दात सरळ उत्तर देणाऱ्यांतला मी असतो तर लिमाला पोहोचलो असतो. आमच्या डोंगरातल्या सोगामोसोहून निघालो होतो लिमाला, मावसभावाकडे, आणि वाट फुटेल तसा चालत, कुणाच्या ट्रकमधून, कुणाच्या बोटीतून शेवटी उतरलो तुमच्या मॉन्टेव्हिडिओला. मावसभाऊ अजून विचारतो, मध्ये चौकशी करायला तोंड नव्हतं का.

जूनची थंडी होती. माझे बूट पुढून उघडे पडले होते, बोटं बाहेर बघत होती. तुमच्या दुकानाच्या काचेवर 'तळ बदलून मिळतील' अशी पाटी दिसली म्हणून आत आलो. तुझ्या बाबांनी बूट उलटा करून उजेडात धरला आणि म्हणाले, "याला तळ नकोय, खुर्ची हवीये." मग खुर्ची दिली. तिथेच काम शिकलो, तीन वर्षं मी त्या खुर्चीवरून उठलो नाही असंच म्हणायचं. त्यांचं नाव वॉशिंग्टन आहे हे कळल्यावर मी हसलो होतो, आठवतं? तुमच्याकडे वॉशिंग्टन, नेल्सन, मिल्टन गल्लोगल्ली. आणि तू माझ्यावर हसलीस ते वेगळ्याच कारणासाठी. तुमचा कुत्रा पोचो दारात आडवा झोपला होता आणि मी त्याला म्हणालो, अहो, जरा सरकता का. तुझ्या दातांत धरलेले खिळे सगळे फरशीवर सांडले. आता काय करू, आमच्या डोंगरात आई पोराला अहो म्हणते आणि पोरगा कुत्र्याला. अरे-तुरे करायला तूच शिकवलंस. पहिल्यांदा तुला 'अगं' म्हणालो तेव्हा माझे कान तापले होते.

चुका तर किती केल्या. सकाळी सात वाजता कोपऱ्यावरच्या खानावळीत तिंतो मागितला. आमच्याकडे तिंतो म्हणजे काळी कॉफी. बाईंनी लाल दारूचा पेला पुढ्यात ठेवला आणि म्हणाल्या, "दुःख मोठं दिसतंय, बाळा." मी प्यायलो. नाही म्हणायची लाज वाटली. पण ती चूक काहीच नाही. खरी चूक त्याच दिवशी दुपारी चार वाजता झाली.

बाबांनी माटेचा, तुमच्या त्या कडू पाल्याच्या काढ्याचा, तुंबा भरला, कोमट बशीसारख्या त्यांच्या त्या तळहातात धरून. आधी स्वतः प्यायले, मग तुला, मग मला. तोच तुंबा, तीच धातूची नळी. मला ते कडू लागलं, जीभ भाजली, पण कुणी अनोळखी माणसाला आपल्या तोंडची नळी देतं हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी तुंबा परत करताना अगदी मनापासून म्हणालो, ग्रासियास. दुसऱ्या फेरीत बाबांनी स्वतः घेतला, तुला दिला आणि मला सोडून पुढे गेले. मला वाटलं, विसरले. दुसऱ्या दिवशी एकदा मिळाला, मी पुन्हा आभार मानले, पुन्हा मला वगळलं. मी आणखी नम्रपणे आभार मानू लागलो, छातीवर हात ठेवून. अकरा दिवस, नोएलिया. रोज एकच घोट आणि मग तुम्ही दोघं पीत बसायचा आणि मी चामड्याचे तुकडे मोजल्यासारखं करायचो. आईला पत्र लिहिलं होतं की माणसं चांगली आहेत पण मी त्यांना नकोसा आहे. बाराव्या दिवशी तूच विचारलंस, "आमचा माटे तुला एवढा वाईट लागतो का रे?" मग उलगडलं. तुमच्याकडे तुंबा परत करताना ग्रासियास म्हणणं म्हणजे पुरे, मला आता नको. जोवर माणूस ते म्हणत नाही तोवर त्याचा नंबर येतच राहतो. बाबा इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "याचं तोंड शिवून टाक," म्हणाले, "मेणाचा दोरा घे, पक्का राहील." आमच्या गावात आभार न मानणारा पोरगा म्हणजे वाया गेलेला. तुमच्यासाठी मी वाया गेलो आणि इतकं सुख मला कशातच झालं नाही.

मला आठवतं ते सगळं अशाच क्षुल्लक गोष्टींचं आहे. रविवारी नदीकाठच्या त्या लांब रस्त्यावर थर्मास काखेत मारून चालणं. नदी म्हणता तुम्ही, पलीकडचा काठ कुणाला दिसलाय? वारा सुटला की गरम तुंबा तू माझ्या कानाला लावायचीस. पाऊस लागला की मधोमध भोक पाडलेल्या त्या जाड पुऱ्या तळायचीस आणि भोकातून माझ्याकडे बघायचीस. मी पिठाने भरलेल्या तुझ्या मनगटाबद्दल एक पान लिहू शकतो. पण कादंबरी नको म्हणालीस.

बहिणीच्या लग्नासाठी निघालो तेव्हा दोन महिन्यांत येतो म्हणालो होतो. बस लागेपर्यंत तू फलाटावर माटे पाजत राहिलीस. शेवटचा तुंबा परत देताना माझ्या तोंडून सवयीने तो शब्द निघणार होता. तू झटकन माझ्या ओठांवर तळवा दाबलास. चामड्याचा आणि सरसाचा वास होता त्याला.

त्याला दीड वर्ष झालं. या काळात मी तुला चौदा पत्रं पाठवली आणि चौदाही खोटी. दरड कोसळून रस्ता बंद, बहिणीला बाळ झालं, मामाच्या भट्टीवर काम लागलं. बाळ तेवढं खरं आहे, नाव दानिएला. बाकी असं आहे की गावात उतरलो त्या आठवड्यात तुझ्या बाबांनी शिवून दिलेले बूट पायात चढेनात. मला वाटलं, उंचीवरच्या हवेने चामडं आकसलं. चामडं ठीक होतं, पाय सुजले होते. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "दोन्ही मूत्रपिंडं गेलीत. आपण इतका उशीर का केलात?" अहो-जाहो करूनच म्हणाल्या. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळचे चार तास माझं रक्त एका यंत्रातून फिरून येतं. तुमच्या दुकानात येईपर्यंत ज्याला दोन दिवस एका गावात धीर निघत नसे, त्याला ही शिक्षा कुणी शोधून काढली असेल? बहिणीचं मूत्रपिंड जुळलं नाही. दुसरं मिळण्याच्या यादीत नाव आहे. माझ्याआधीची माणसं यंत्राशेजारच्या खुर्च्यांवरून एकेक कमी होतात, ती यादी पुढे सरकल्यामुळे नाही.

आणि पाणी. दिवसाला अर्धा लिटरच चालतं, भाजीतलं धरून. आई औषधाच्या टोपणाने मोजून देते आणि देताना दुसरीकडे बघते. मी दुपारी चार वाजता डोळे मिटतो आणि थर्मासचं बूच उघडल्याचा आवाज ऐकतो. एवढंच पितो.

आता तू म्हणशील, यंत्रं इथेही आहेत, ये. म्हणशीलच. म्हणून तर दीड वर्ष सांगितलं नाही. तुझी आई चार वर्षं अंथरुणाला खिळून होती. ती गेली त्या दिवशी तू रडली नाहीस, तीन दिवस झोपलीस, हे तूच मला नदीकाठच्या बाकावर सांगितलंस. पुढे म्हणालीस, "आता घड्याळात बघून मला कुणाला काही द्यायचं नाहीये." आणि हसलीस. ते हसू मी पाहिलंय. त्याच्यासमोर माझी ही यंत्राशेजारची खुर्ची कशी आणून ठेवू?

पत्राच्या शेवटी, सहीखाली, तू एक ओळ लिहिली आहेस. बाबा अजून रोज चार वाजता माझ्या नंबराला तुंबा भरतात, माझ्या खुर्चीवर क्षणभर ठेवतात आणि मग स्वतः पितात. तू चिडलीस तर म्हणतात, तो पुरे म्हणालेला नाही. ही ओळ मी एकोणीस दिवस वाचतोय. सही केल्यावर सुचलेली ओळ, पण तीच खरं विचारते आहे. खोली देऊन टाक, नोएलिया. साल्तोच्या माणसाला दुकानातली माझी खुर्ची दे, तिच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी लागते. बाबांना हे पत्र वाचून दाखवू नकोस, फक्त शेवटचा शब्द सांग. तुला मात्र सगळं लिहिलं, कारण नुसता शब्द पाठवला असता तर त्या पहिल्या अकरा दिवसांसारखा गैरसमज झाला असता, मी निघालो एका अर्थाने आणि पोहोचलो दुसऱ्याच. आज तो माझ्या गावच्या अर्थानेही घे आणि तुझ्या गावच्याही. तुझा तळवा या वेळी माझ्या ओठांपर्यंत पोहोचणार नाही.

ग्रासियास.

तरीही तुझाच,
दुवान