काठी फेकण्याचा प्रसंग

३ मार्च
डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आता फक्त मधलं दिसणार, कडेचं गेलं. पांढरी काठी घ्या, ती वापरायला शिकवणाऱ्या वर्गाला जा. कमाल आहे! मधलं दिसतंय ना? महत्त्वाचं सगळं मध्येच असतं.
निर्णय: काठी नाही. उलट मीच भाषणं देऊन जगाला उभारी देणार. विषय: ‘नजर गेली, जिद्द नाही’. बायकोशी पैज लावली. भाषण गाजलं तर तिने काठीचं नाव काढायचं नाही. फसलं तर मी मुकाट्याने वर्गाला जाणार. फसायचा प्रश्नच नाही.

६ मार्च, सकाळी
आरशासमोर हातवाऱ्यांची प्रॅक्टिस. झकास जमले. बायको म्हणते, आरसा कपाटाच्या दुसऱ्या दाराला आहे. या घरात एक वस्तू जागेवर नसते. चहा टेबलावर ओतला गेला, तोही त्यामुळेच.

१० मार्च
आमंत्रण आलं! मेहुणीने एका संस्थेत शब्द टाकला होता. नवा कोट घेतला. शेवटासाठी जबरदस्त कल्पना: ‘मला आधार नको’ असं गरजायचं आणि स्टेजवर काठी भिरकावून द्यायची. बायकोने आणून ठेवलेली काठी खोक्यातून काढली. फेकायला तरी उपयोगी पडेल.

१४ मार्च
आज कळलं की श्रोते म्हणजे त्या संस्थेचे विद्यार्थी. एकालाही दिसत नाही. कोट वाया, हातवारे वाया. बायको स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ हसत होती. हरकत नाही. आवाज आहे.

१५ मार्च, संध्याकाळ
सेक्रेटरींचा हात झिडकारून स्टेजवर एकटा चढलो. नडगी टेबलावर आपटली, पण ती माझी खासगी बाब. भाषण रंगलं. गरजलो. काठी फेकली. खण्णकन आवाज झाला.
आणि अख्खा हॉल खाली वाकला. जो तो खुर्चीखाली आपली काठी चाचपू लागला. माझी आहे, माझीही आहे, तुमची पडली का हो, असं पार शेवटच्या रांगेपर्यंत. अखेर सर्वानुमते ठरलं की वक्त्यांचीच पडली. पुढच्या रांगेतल्या एक आजी टकटक करत वर आल्या, काठी शोधून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या की लाजू नका, सुरुवातीला सगळ्यांचीच निसटते. टाळ्यांचा कडकडाट. आजींना.
मग उतरायची पायरी सापडेना. पाय उचलेना. घाबरलो. खरंच फार घाबरलो. आजींचा दंड धरून खाली आलो.

१७ मार्च
बायकोने पैजेचा विषयच काढला नाही. टोमणा नाही, काही नाही. हे फार लागलं. शेवटी मीच म्हणालो, वर्गाला जातो. तिथल्या लोकांना जरा धीर द्यायला.

२० मार्च
वर्गाचा पहिला दिवस. बायकोला फाटकापाशीच थांबायला बजावलं. काठी टेकत दारापर्यंत गेलो, कुठेही धडकलो नाही. आत शिरल्या शिरल्या जाहीर केलं की मी कुणाच्याही मदतीशिवाय आलोय. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, छान, आणि मागे तुमचा शर्ट धरून उभ्या आहेत त्यांनाही बसायला सांगा.
घरी येताना खूप भांडलो. बायको एवढंच म्हणाली की इतक्या दिवसांत आज पहिल्यांदाच शर्ट ओढावा लागला नाही.