पिकअपचं डावं चाक

ती. सासरेबुवांना,

तुमच्या जावयाचा (हा शब्द अजून चालतो असं धरून) साष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? सासूबाईंचा खोकला थांबला का? इकडे माझी दोन बोटं भाजली आहेत आणि डाव्या डोळ्यात ब्रेकचं तेल गेलं होतं, बाकी तब्येत उत्तम. तुमची लेक आणि तिचं सामान सुखरूप पोचलं असेलच. गाडीला एवढा उशीर का झाला, याबद्दल मेहुण्यांनी तुम्हाला बरंच काही सांगितलं असणार. तुमच्या पिकअपला मी मुद्दाम काहीही केलेलं नाही, एवढं सांगायला हे पत्र.

सामान भरायला मीच हात लावला. कपाट, शिलाई मशीन, दोन ट्रंका. (कपाट जिन्यावरून उतरवताना मेहुणे वरच्या बाजूला होते आणि मी खालच्या, त्यामुळे वजन माझ्याकडे आणि सूचना त्यांच्याकडे होत्या.) ती का गेली, हे तुम्हाला ठाऊक आहे. कारखान्याला कुलूप लागल्यापासून मी घरात तोंड उघडत नाही. या घरात आपल्याशी फक्त फ्रिज बोलतो, असं ती म्हणते. (फ्रिज जुना आहे, घुरघुरतो. पण तिचा मुद्दा मला कळला.) तिचं म्हणणं बरोबर आहे. हे तिला सांगावं असं पुष्कळदा मनात आलं, पण तेही सांगायचं राहून गेलं. निरोपाचं म्हणाल तर तसं काही झालं नाही. मी दारात उभा राहिलो, ती गाडीत बसली, मेहुण्यांनी गाडी काढली.

गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत रडतखडत गेली आणि थांबली. पुढच्या डाव्या चाकातून धूर, आणि जळका वास असा की आमचा संसार मोडताना खिडकीतून बघणारी मंडळी आता चपला घालून खाली आली. समोरचा न्हावी म्हणाला, इंजिन तापलंय. शेजारीणबाईंनी विचारलं, हँडब्रेक काढलाय ना? मेहुण्यांना तो अपमान वाटला. मी कोणतं चाक तापलंय ते बघायला हात नेला. (अशा वेळी हात नुसता जवळ न्यायचा असतो, लावायचा नसतो. बोटांचं कारण हे.) मग उठलो आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, ब्रेक जाम झालाय, आज काही होणार नाही, सामान उतरवा.

यातलं ‘आज काही होणार नाही’ हे खोटं होतं. खोटं बोलायलासुद्धा बोलायची सवय लागते, ती माझी गेली आहे. तुमची लेक एव्हाना पुढून उतरून मागे ट्रंकेवर बसली होती. ती म्हणाली, "नीट बघून सांग."

मग मी जॅक लावला. चाक हाताने फिरेना. पेडल सोडलं तरी ब्रेक चाकाला धरूनच होता, म्हणजे दाबलेलं तेल परत जात नव्हतं. कुठे अडतंय, एवढंच शोधायचं होतं. चाकाकडे तेल आणणाऱ्या वरच्या नळीचा जोड सैल केला, चाक हललं नाही. जोड पुन्हा घट्ट करून चाकाजवळचा हवा काढायचा स्क्रू उघडला, तर तेलाची चिळकांडी थेट माझ्या डोळ्यात, आणि चाक मोकळं! दोष दोहोंच्या मधल्या रबरी पाइपात होता. काढून हातात घेतला तर साधी चीरही नाही. आतून फुगून बंद झालेला.

"बाहेरून तर धडधाकट दिसतोय," ती म्हणाली. पाइपाबद्दलच म्हणाली, असं मी धरून चाललो आहे.

मेहुणे नवा पाइप आणि ब्रेकच्या तेलाची बाटली घेऊन आले. तो बसवला की आतली हवा काढावी लागते, आणि ते एकट्याचं काम नाही. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली स्क्रू उघडून बंद करायचा, आणि सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही. आधी मेहुणे बसले. मग ती भावाला म्हणाली, तू ऊठ. मी गाडीखाली होतो, मला फक्त तिची चप्पल दिसत होती.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव."

"धरलंय."

"सोड."

असं कितीतरी वेळ चाललं. मध्ये मी विचारलं, पाय दुखतोय का? ती म्हणाली, दुखतोय, पण चालू दे. मग तीच म्हणाली, "तुझा डोळा धुतलास का?" मी म्हणालो, धुतो. सासरेबुवा, एवढं बोलणं आमच्यात कधीपासून झालं नव्हतं. बुडबुडे यायचे थांबले होते, म्हणजे हवा सगळी निघाली होती. तरी मी "दाब" म्हणत राहिलो, आणि ती दाबत राहिली. शेवटी तेलाची बाटली संपली.

चाक घातलं. गल्लीत एक फेरी मारून पाहिली, ब्रेक लागला आणि सुटलाही. मग ते गेले. न्हावी म्हणाला, काम झकास झालं. मी हो म्हणालो, घरात आलो आणि डोळा धुतला.

सासूबाईंना नमस्कार.

तुमचा जावई

ता. क. डाव्या चाकाचे ब्रेक पॅड जळले आहेत, ते बदलून घ्या. उजव्या चाकाचा पाइपही तेवढाच जुना आहे.

ता. क. दुसरा : तो बदलून हवा काढताना मेहुण्यांना पेडलवर बसवू नका. ते सांगायच्या आधी पाय उचलतात.

ता. क. तिसरा : निघताना तुमच्या लेकीने खिडकीची काच खाली केली आणि विचारलं, "पुन्हा हवा काढावी लागेल का?" मी फक्त गाडीचा विचार केला आणि "नाही" म्हणालो. तिने काच वर घेतली. ती काय विचारत होती, ते गाडी वळल्यावर माझ्या लक्षात आलं. तुम्ही थोरले आहात, तुमचं ती ऐकेल. कृपा करून तिला सांगा, की जावईबापूंचं चुकलं, लागेल.