टेबलाखालचा पाट

सोम. १५ सप्टें. ९७
आज पुन्हा दुपारी कमरेत कळ आली ती थेट डाव्या पायात उतरली. सुपरवायझर देसाई मॅडम म्हणाल्या, "सविता, वय काय गं तुझं? या वयात आम्ही विहिरीचं पाणी ओढत होतो." (यापुढे दे. मॅ. पूर्ण नाव लिहायला हात वळत नाही.)
पाणी ओढताना माणूस उभा असतो, हे उत्तर सुचलं ते घरी जाताना बसमध्ये. नेहमीसारखं.

बुध. १७ सप्टें.
अर्धा दिवस रजा टाकून नगरपालिकेच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर माझ्याहून थोडीच मोठी. पहिला प्रश्न, "बसल्यावर पाय कुठे टेकतात?"
कुठेच नाही म्हटलं.
"मग ऑफिसात बसतेस की झोपाळ्यावर?"
तिला सगळं सांगितलं. साहेबांनी बंद पडलेल्या कुठल्याशा ड्रॉइंग ऑफिसची उंच टेबलं, उंच खुर्च्या स्वस्तात उचलल्या. चपला दाराबाहेर, कारण धूळ मशिनला बाधते. टाचेची चप्पल असती तर चवडे तरी टेकले असते. दिवसभर अनवाणी पाय लोंबकळत, वर ए.सी. तोही मशिनसाठीच. आम्ही कुठल्याशा परदेशी दुकानाच्या गिऱ्हाइकांची नावं-पत्ते कॉम्प्युटरवर बडवत बसतो.
ती म्हणाली, गोळीने तात्पुरतं बरं वाटेल. पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे, कमरेमागे उशी हवी, पडदा नजरेसमोर हवा, आणि अर्ध्या तासाने उठून चार पावलं चालायचंच. "आत्ता सांभाळलंस तर काही होणार नाही. नाहीतर तिशीत वाकून चालशील."

गुरु. १८
घरी सांगितलं. चूक केली.
अण्णा मार्केटातून हमाली करून नुकतेच आलेले, मानेवर पोत्याचा भुसा तसाच. "बसून पाठ दुखती व्हय? तुला शिकवली ती बसायच्या कामासाठीच की." रागावले नाहीत. कुणीतरी फसवल्यासारखे बघत राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.
आई वेगळीच. "दाराबाहेर बोलू नको हे. बघायला येणाऱ्यांच्या कानावर गेलं म्हणजे?"
म्हणजे पाठ माझी नाही. बघायला येणाऱ्यांची!

सोम. २२
दे. मॅ.ना विचारलं, चपला धुऊन आत आणल्या तर? नियम आहे. पाय ठेवायला काही मिळेल का? बजेट नाही. अर्ध्या तासाने उठले तर?
"उठलीस की स्पीड पडतो. साहेबांच्या पडद्यावर दिसतो तो. आणि बाकीच्या मुलींची काही तक्रार नाही."
मी मागे वळून पाहिलं. कुणाची मान वळली नाही. शेजारची नंदा म्हात्रेसुद्धा नाही. रोज संध्याकाळी बाथरूममध्ये माझ्याकडून खांदा चेपून घेते ती नंदा!

बुध. २४
घरून जेवायचा पाट नेला. माझाच, अण्णांचा नाही. आई पिशवी धरून बसली. "अन्नाचा पाट पायाखाली घेतेस? ग्रॅज्युएट झालीस म्हणून?"
म्हटलं, जेवताना आपण त्याच्यावर बसतो तेव्हा... जाऊ दे. पिशवी ओढली आणि निघाले.
नंदा टेबलाखाली वाकून, "पाट कशाला आनलास गो? ताट वाढू काय?" सगळ्या हसल्या. हसा.
पण पाय टेकले. संध्याकाळी कळ कमरेतच राहिली, पायात उतरली नाही.

शुक्र. ३ ऑक्टो.
खूपच बरं आहे. कमरेमागे टॉवेलची गुंडाळी. उठायला पाण्याचं निमित्त काढते. इतकं पाणी जन्मात प्यायले नसेन.
डबा खाताना सगळ्यांना डॉक्टरचं सांगितलं. आपण मिळून साहेबांकडे जाऊ, बूड टेकायला दिलंय तसं पाऊल टेकायलाही द्या म्हणू. सगळ्या हो हो. नंदा म्हणाली, "तू बोल, आमी हाव ना मागं."
मागे म्हणजे किती मागे ते बघायचंय.

शुक्र. १० ऑक्टो. खंडेनवमी
मशिनची पूजा. मला फुलं आणायला पाठवलं. परत येते तर सरस्वतीची तसबीर माझ्या पाटावर! हळदकुंकू, नारळ, समोर साहेब हात जोडून. दे. मॅ.ना टेबलाखाली "अगदी वेळेवर" सापडला म्हणे. कुणाचा आहे हे एकीनेही सांगितलं नाही.
प्रत्येक मॉनिटरला झेंडूची माळ, प्रत्येक सी.पी.यू.ला कुंकू. आम्हाला एकेक पेढा.
मीही हात जोडले. जोडायला नको होते.

सोम. १३
तसबीर पाटासकट कोपऱ्यात तशीच. "छान दिसतंय, राहू दे," दे. मॅ.
माझा पाट आहे म्हटलं.
"देवीचा पाट पायाखाली घेणार? शिकलेली ना तू?"
नंदाही कानाशी, "नको गो, पाप लागंल."
बाकीच्यांच्या चेहऱ्यावरही तेच. दोन आठवडे वाकून वाकून बघत होत्या, तेव्हा पाप नव्हतं?
दुपारी कळ पुन्हा पायात. बसल्या बसल्या समोरची तसबीर बघत होते. देवीचाही एक पाय खाली सोडलेला आहे, आणि त्या पायाखाली चित्रकाराने कमळ काढलंय. तिलाही अधांतरी ठेवलेलं नाही.

मंगळ. १४
केलं.
डबा झाल्यावर तसबीर उचलली, रुमालाने पुसली, माळेसकट कपाटावर ठेवली. नमस्कार केला, या वेळी मनापासून. पाट टेबलाखाली घेतला आणि पाय ठेवले. बाकीच्या टायपिंग सोडून बघत राहिल्या.
दे. मॅ. केबिनमध्ये गेल्या. बाहेर आल्या त्या हसत. "उद्या सकाळी साहेबांनी बोलावलंय. एकटीला."
घरी अजून सांगितलेलं नाही. आईला पाटाचं दुःख होईल की नोकरीचं, कळत नाही. अण्णांकडे तर बघवणार नाही. पण वाकून चालायचं नाहीये मला. वाकून चालत नोकरी टिकवायची नाहीये. आणि जायची तर...
बसस्टॉपवर नंदा शेजारी येऊन उभी राहिली. मग एकदम म्हणाली, "मी पन येतय उद्या तुज्यासंगं केबिनमदी."
नक्की?
"येतय म्हनलं ना. पन बोलनार नाय हा मी काय."
इतका संताप आला की तोंड फिरवलं. बस आली, गेली, आम्ही चढलो नाही.
मग म्हटलं, नको बोलूस. नुसती उभी राहा.
ती हसली. हो म्हणाली नाही.