पिशव्यांवरच्या कोऱ्या पट्ट्या

दि. ९ नोव्हेंबर

चि. जावईबापूंना,
अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही ठीक आहोत. तुमच्या सासूबाईंचे गुडघे कुरकुरतात, माझं शिवणयंत्र कुरकुरतं. दोघांनाही तेल घालतो आणि दिवस ढकलतो. तुम्ही दोघं बरे असाल. ‘दोघं’ मुद्दाम लिहिलं आहे. तुम्ही पुन्हा लग्न केल्याचं कळलं, तेव्हा ही बराच वेळ एकच ताट पुसत राहिली आणि मग म्हणाली, “बरं झालं. एकटा माणूस उभ्या उभ्याच जेवतो.” त्यापलीकडे आमच्या घरात त्यावर चर्चा झाली नाही. संकोचापायी येणं टाकलं असेल, तर तो सोडा.

आता हसू नका. मी कॉलेजात जातो. भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला, आपली गोटी, माझी लेक, देवाघरी जायच्या आधी जिथे शिकवायची तिथेच. परीक्षा द्यायची नाही, नुसतं मागच्या बाकावर बसायचं, एवढी परवानगी मिळाली आहे. शिकवायला तिच्याच हाताखाली तयार झालेल्या बाई आहेत. माझी शाळा किती, ते तुम्हाला ठाऊक आहे. जे काही वाचलं ते गिऱ्हाइकांनी कापड गुंडाळून आणलेल्या वर्तमानपत्रांवर.

पहिल्याच दिवशी बाईंनी एक काळा दगड हातात दिला. “काय दिसतं, आजोबा?” मी म्हटलं, “आमच्या दारातली पायरी.” सगळा वर्ग हसला. शेजारची मुलगी हळूच म्हणाली, “तुम्ही रोज याच हं. तुम्ही असलात की मी हुशार वाटते.” तेव्हापासून ती माझी जागा धरून ठेवते.

आता बरंच कळतं. आधी नखानं ओरखडा पडतो का बघायचं, मग खिळ्यानं, मग दगडच काचेवर ओढून बघायचा. आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसला तर चुनखडक. कड्यातले थर पाहिले की वाटतं, कुणीतरी तागे रचून ठेवलेत. आणि त्यांना वळ्या पडलेल्या दिसल्या की माझा हात आपोआप इस्त्रीकडे जातो.

पण या वयात हा उद्योग कशाला, ते सांगायचं टाळत इथवर आलो.

गोटीचे दगड दोन ट्रंकांत होते. तिच्या नावानं कपाट करून ते मुलांना शिकवायला ठेवायचे, असं कॉलेजनं कळवलं. मी लगेच जाड कापडाच्या पिशव्या शिवायला घेतल्या, दगडागणिक एक. प्रत्येकीवर जागेचं नाव लिहायला एक कोरी पट्टी. मी पुढच्या खोलीत यंत्रावर, आणि ही मागच्या मोरीत. संध्याकाळी जाऊन बघतो तर चादरीवर सगळे दगड ओळीनं मांडलेले. न्हाऊन निघालेल्या पोरांसारखे. धुण्याचा सोडा आणि ताठ ब्रश घेऊन हिनं एकेक घासून काढला होता.

“माझी पोर कधी मळक्या अंगानं घराबाहेर पडली नाही,” ही म्हणाली. “तिचे दगड तरी कसे पाठवू? वर रंगही सांडला होता मेला. निघता निघेना.”

तो रंग सांडलेला नव्हता. गोटी प्रत्येक दगडावर पांढरा ठिपका लावून त्यावर बारीक अक्षरात जागा लिहायची, हे तुम्हाला माहीत आहे. एकही ठिपका उरला नाही. तिची वही आहे, पण वहीत नुसत्या जागांची नावं. कुठलं नाव कुठल्या दगडाचं, ते दगडावरच होतं.

ही पदराला हात पुसत उभी होती. पोर गेल्यापासून पहिल्यांदाच हिच्या चेहऱ्यावर काहीतरी हातून झाल्याचं समाधान होतं. मी म्हटलं, “छान निघालेत.”

एक दगड घेऊन कॉलेजात गेलो. बाईंनी उलटून पालटून पाहिला. “नमुना चांगला आहे, आजोबा. पण हा कुठला?” ठाऊक नाही, म्हटलं. जागा माहीत नसेल तर संग्रहात ठेवता येत नाही, म्हणाल्या. तो कुठल्या डोंगरातून आला हेच कळलं नाही, तर त्या डोंगराबद्दल तो काय सांगणार? दगड कोणता ते शिकता येईल, कुठला ते शिकता येणार नाही, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. पण मन मानेना. म्हटलं, शिकू, दगडांनाच विचारू. वर्ष सरत आलं. बाईंचं म्हणणं खरं निघालं.

ही रोज विचारते, “कपाट झालं का?” मी सांगतो, सुतार आला नाही. त्या बिचाऱ्याला मी दोनदा आजारी पाडलं, त्याच्या मुलीचं लग्न लावून दिलं. आता त्याला कुठे पाठवावं, सुचत नाही. परवा ही म्हणाली, “सुताराचं कशाला सांगता? विसरले असतील कॉलेजवाले तिला.” त्या दिवशी ही जेवली नाही.

जावईबापू, हातोडी तिची होती, पण ओझं तुमच्या पाठीवर होतं. “मी नवरा कसला, बिनपगारी हमाल,” असं तुम्हीच म्हणायचा. ओझं वाहणाऱ्याला वाट आठवते. एकदा या. सूनबाई म्हणा, लेक म्हणा, तिलाही आणा. ही आतून वाटच बघते आहे. एकेक दगड हातात घ्या, जागा सांगा, मी पट्टीवर लिहीन.

सगळे आठवणार नाहीत, हे मला कळतं. पण ही समोर बसलेली असताना अडखळू नका. वहीतलं कुठलंही नाव घ्या, मी तेही लिहीन. मग रस्त्यापर्यंत सोडायला येईन, तेव्हा खरं सांगा. ते दगड मी कॉलेजात देणार नाही. गोटीच्या नावाखाली खोटी जागा नको. ते माझ्या कापड बेतायच्या टेबलाखाली राहतील. पट्टी उसवायला मला वेळ लागत नाही.

उत्तर धाडू नका, टपाल आधी हीच वाचते. सरळ या.

पिशव्या तयार आहेत.

तुमच्या पाठीवरच्या ओझ्याचा मालक नव्हे, पण गोटीचा बाप