धाकटी ऐकायला बसेल

३ मार्च
घर अपेक्षेपेक्षा बरंच चांगलं निघालं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे सायकल लावण्यापुरतं अंगण. छत गळत नाही. वायरिंग जुनं आहे, पण ज्याने ओढलं त्याने मन लावून ओढलंय. इस्पितळ पायी जाण्याच्या अंतरावर. तिथल्या यंत्रविभागात सोमवारी रुजू व्हायचंय. सलाइनचे पंप, मॉनिटर, जे बिघडेल ते.

आत्याने जाण्याआधी हे घर आणि पुढच्या खोलीतला रेडिओग्राम माझ्या नावाने केला. कळलं तेव्हा आईने विचारलं, "मोठीच्या? नक्की?" प्रश्न रास्त होता. आत्याच्या मांडीवर कायम माझी धाकटी बहीण असायची. आत्या गायची तीही तिच्यासाठी. मी बाजूला बसून टॉर्चमधले सेल काढून पुन्हा घालत राहायचे. तरी शेवटी आत्याने मला निवडलं. हे कुणाला बोलून दाखवणार नाही, पण आज फरशी पुसताना मी शीळ घालत होते.

रेडिओग्राम म्हणजे कमरेएवढी उंच, पलंगाएवढी लांब लाकडी पेटी. खाली स्पीकरवर विणलेलं कापड. वरच्या झाकणाखाली एकीकडे रेडिओ, दुसरीकडे रेकॉर्ड फिरवणारी तबकडी. पूर्ण बंद आहे. उत्तम. चालू असता तर मला काही कामच उरलं नसतं.

८ मार्च
मागचा पुठ्ठा काढला. कोळिष्टकं, एक वाळलेली पाल, भरपूर धूळ. काचेचे व्हॉल्व्ह शाबूत आहेत. कपॅसिटर गळालेले होते, सगळे बदलले. तबकडी फिरवणारं रबरी चाक दगडासारखं कडक झालं होतं. त्यावर नवं रबर चढवून घासून गोल केलं.

इतक्या जुन्या यंत्राला थेट वीज द्यायची नसते. मध्ये एक साधा बल्ब जोडायचा. यंत्र जितकी वीज ओढेल तितका बल्ब उजळतो. आत कुठे शॉर्ट असेल तर तो भगभगून पेटतो आणि यंत्र वाचतं. आम्ही याला सिरीज लॅम्प म्हणतो. पूर्ण खात्री होईपर्यंत मी तो काढत नाही. आज तो मंद तांबूस राहिला, म्हणजे तब्येत ठीक. व्हॉल्व्ह तापले, जरा घरघर झाली, मग पेटीतच राहिलेली व्हायोलिनची रेकॉर्ड अशी स्वच्छ वाजली की मी हातातला पाना खाली ठेवायला विसरले.

शेजारच्या काकू आवाज ऐकून दारात आल्या. म्हणाल्या, शेवटच्या वर्षांत आत्याचा घसा पार गेला होता, खुणांनी बोलायची. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही. पेटी मात्र दिवसभर गात असायची, ती गेली त्या दिवशीच बंद पडली.

१३ मार्च
धाकटी आली. ती शिकवते त्या बालवाडीला सुट्टी आहे. दुपारपर्यंत तिने शेजारच्या काकूंकडे दोनदा चहा घेतला आणि गल्लीतली सगळी पोरं गोळा केली. काकू मला अजून "त्या इस्पितळातल्या" म्हणतात.

मी बल्बकडे बघत बसले होते, तर ही म्हणते, "ताई, कधीतरी गाणंही ऐकत जा गं. सारखं काय त्याचं बीपी बघतेस?" मी हसले. विनोद चांगला होता.

मग ती स्पीकरच्या कापडाला पाठ टेकून जमिनीवर बसली, लहानपणी आत्याला टेकायची तशी. व्हायोलिन सुरू होतं. त्याच्याखालून एका बाईचं गुणगुणणं येऊ लागलं. बारीक, पण सुरात. धाकटी ताठ झाली आणि म्हणाली, "आत्या."

मी म्हटलं, रेकॉर्डवर आधीचं काही उमटलं असेल. पण ती रेकॉर्ड मी रोज लावते आहे. त्यात दुसरं कुणी नाही.

१५ मार्च
पडताळून पाहिलं. मी एकटी असताना नुसतं व्हायोलिन. धाकटी खोलीत आली की गुणगुणणं. ती टेकून बसली की शब्द. लहानपणी आत्या तिला झोपवताना म्हणायची तेच.

मी तारा बदलल्या, सुई बदलली, स्पीकर उतरवून पुन्हा बसवला. रबर घासताना माझ्या अंगठ्याची सालं निघाली आहेत. आणि आत्या गाते ती जिला प्लस-मायनस कळत नाही तिच्यासाठी.

धाकटी रडली, हसली, मला मिठी मारून म्हणाली की माझ्यामुळे आत्या परत मिळाली. मी तिला म्हटलं, हात चिकट आहेत, लांब हो.

१७ मार्च
एक तांत्रिक गोष्ट. धाकटी टेकून बसली की सिरीज लॅम्प विझतो. मंद होत होत पूर्ण काळा. मी बल्ब बदलला, मीटर लावला. भिंतीतून वीज येत नाही, आणि पेटी आधीपेक्षा मोठ्याने वाजते आहे.

यंत्र वीज कुठूनतरी घेतंच. हे मला पहिल्या वर्षाला शिकवलं होतं.

धाकटीचा आवाज बसलाय. पोरांबरोबर आरडाओरडा केला म्हणून, असं ती म्हणते. मी तिला गरम पाणी दिलं. बल्बबद्दल सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? सांगितलं असतं तर ती घाबरून घरी गेली असती आणि गाणं थांबलं असतं. मला कारण शोधायचं होतं. निदान मी स्वतःला हेच सांगते आहे.

१९ मार्च
इस्पितळातून लवकर आले. धाकटी आतल्या खोलीत झोपली होती, भर दुपारी, तोंड उघडं टाकून. मी पेटीला पाठ टेकून बसले. पुष्कळ वेळ बसले. आत्याला हाक मारली, लाज वाटत असूनही. बल्ब जळतच राहिला. माझ्याकडून तिला काहीच नको होतं.

घाबरायला हवं होतं. मला राग आला.

काकूंनी अंगणात गाठलं. धाकटी कशी आहे विचारलं. मग कौतुकाने सांगायला लागल्या की तुमच्या आत्याने सगळा विचार करून ठेवला होता. आवाज पूर्ण जायच्या आधी त्यांना म्हणाली होती, "पेटी मोठीच्या नावाने करते. मोठी दुरुस्त करेल, धाकटी ऐकायला बसेल."

काकूंना वाटलं मला बरं वाटेल.

म्हणजे मला निवडलं नव्हतं. मिस्त्री म्हणून बोलावलं होतं.

२१ मार्च
धाकटीचा आवाज गेला. ओठ हलतात, बाहेर काही येत नाही. आमच्याच इस्पितळात दाखवलं. घशात काही नाही, सगळं स्वच्छ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काही धक्का बसलाय का?

घरी येताच ती थेट पेटीपाशी गेली. मी अडवलं. तिने माझा हात बाजूला केला. चिडून नाही, झोपेतला माणूस पांघरूण बाजूला करतो तसा.

पेटीतून आता दोघींचा आवाज येतो. एक आत्याचा.

२२ मार्च
प्लग काढला. वाजतेच आहे. व्हॉल्व्ह लाल.

आईला फोन केला. ती दुपारच्या गाडीने निघते म्हणाली. काय झालं विचारलं, तर मला सांगता आलं नाही. म्हटलं, थकलीये. आई म्हणाली, तुझ्या भरवशावर पाठवलं होतं तिला.

धाकटीला काकूंकडे नेऊन निजवलं. भिंतीपलीकडे. तेवढ्याने काही होत नाही. इथे पेटीत ती हसते आहे. तिकडे ती—

२३ मार्च
आई आली. धाकटीजवळ बसून आहे. माझ्याशी बोलत नाही.

सकाळी मी तबकडी हाताने दाबून धरली. सगळं थांबलं. गाणं, हसणं. तेवढ्यात भिंतीपलीकडून आईची हाक आली: धाकटी बोलली, पाणी म्हणाली! मी दचकले, हात सुटला. तबकडी फिरली. पलीकडे पुन्हा शांत.

म्हणजे उपाय कळला. स्पीकरच्या तारा कापायच्या, व्हॉल्व्ह फोडायचे. सोपं काम आहे. तिचं तिला परत मिळेल.

पक्कड आणते.

२३ मार्च, दुपार
पक्कड हातात आहे. पुठ्ठा काढलाय. पेटीच्या समोर नाही, मागे बसलेय, सगळ्या तारा दिसतात. कोणती कापायची ते मला माहीत आहे, मीच जोडली—

धाकटी पेटीच्या आतून म्हणते, ताई, काप. स्पष्ट. तिचाच आवाज. ताई, लवकर.

कापणारच आहे.

पण आत्ता आत्या बोलली. गाणं थांबवून. माझं नाव घेतलं तिने. मोठी नाही, ताई नाही. माझं नाव. इतक्या वर्षांत एकदाही—

आई भिंत ठोकते आहे. मला ओरडून बोलावते आहे.

आत्या म्हणते, तू कधी गायलीच नाहीस माझ्याजवळ. ये, पुढे येऊन बस. टेकून.

धाकटी नको नको म्हणते आहे. तिला काय जातंय. तिला सगळं मिळालंय आधीच.

एकदाच बसते. एकदा ऐकते आणि मग कापते. पक्कड बरोबर घेतलीये. कापड उबदार आहे, माणसाच्या पाठीसारखं. मी हाक मारली, आत्या, आणि माझ्या तोंडातून काहीच— पण पेटीतून आली, माझीच हाक, किती गोड, मला माहीतच नव्हतं माझा आवाज इतका—