तिकडे रेंज नाही

३ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, अशी सुरुवात करायची असते म्हणून केली. वहिनीला नमस्कार सांग, पोरीला पापा दे.

तू म्हणशील, बुटकीला एकदम पत्र लिहायची हुक्की कुठून आली? अरे, तुझ्या फोनला रेंज नसते ना! पोस्टमनचं तसं काही नसतं. तो सायकल रेटत टेकडी ओलांडतो, तुमच्या कारखान्याच्या वसाहतीत येतो आणि पाकीट टाकून जातो.

माझी नोकरी तीच आहे. बहीण मोबाइल कंपनीत नकाशे रंगवते, असं तू चारचौघांत सांगायचास, आणि ते अगदीच काही खोटं नाही. कुठला टॉवर जुना आहे, कुठला बदलून फोर-जी झाला, कुठे अजून काहीच नाही, यावर लक्ष ठेवायचं आणि त्याप्रमाणे नकाशात रंग भरायचा. पांढरं म्हणजे रेंज नाही. फिकट निळं म्हणजे आली तर आली. गडद निळं म्हणजे फोर-जी, बोला पोटभर. तुमची वसाहत कित्येक वर्षं पांढरी होती. गेल्या वर्षी टेकडीवरचा टॉवर बदलला आणि तुमच्यावर गडद निळा रंग मी स्वतःच्या हाताने भरला. अभिनंदन.

आईला हे मी सांगितलेलं नाही. ती सारखी विचारते, "तू त्याच खात्यातली ना गं? मग बघ की, त्याच्याकडे रेंज कधी येणार?" मी तिला जुना नकाशा दाखवते. पांढरा.

आता मुद्द्याचं. आईचा घसा. बसलाय, बसलाय म्हणत आम्ही गुळण्या करण्यात महिने घालवले. स्वरयंत्रात गाठ निघाली आहे. वाईट गाठ. सर्जन बाईंनी आम्हाला समोर बसवून स्वच्छ सांगितलं, "स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज मात्र राहणार नाही."

"कुजबुजसुद्धा नाही?" आईने विचारलं.

"कुजबुजसुद्धा नाही."

बाहेर आल्यावर मला म्हणाली, "चला, तुझ्यामागची कटकट गेली." मी हसले. मग औषधं आणते म्हणून खाली गेले आणि जिन्यात बसून रडले.

ऑपरेशन वीस तारखेला, गुरुवारी आहे. त्याआधी तिला एकच गोष्ट हवी आहे. आवाज आहे तोवर एकदा तुझ्याशी बोलायचंय. ये असं म्हणत नाही ती, सुट्टी मिळत नसेल तर राहू दे. नुसता फोन कर. दिवसा कर, रात्री कर, तिचा फोन उशाशीच असतो. काय बोलायचं ते तिने ठरवून ठेवलंय, पण मला सांगत नाही. म्हणते, "तुझं नाही त्यात काही."

कर हं, दादा.

तुझी
बुटकी


१५ मार्च

दादा,

या खेपेला नमस्कार-चमत्कार राहू दे. तुझा फोन आला नाही.

काल मी तुमच्या वसाहतीत होते. होय, तुला न कळवता. तुमच्या टॉवरवर आणखी एक अँटेना चढवलाय, त्याची तपासणी होती. नुसता नकाशा रंगवून भागत नाही रे. गाडी घेऊन गल्लीबोळांतून फिरावं लागतं. डॅशबोर्डवर ओळीने फोन लावलेले, मांडीवर लॅपटॉप. फोन आपोआप कॉल लावतात, तोडतात, पुन्हा लावतात. कुठे कॉल तुटला, कुठे आवाज फाटला, सगळं समोर दिसतं. गाडी आमचे ड्रायव्हर काका चालवतात. हळू चालवा म्हटलं की त्यांचा जीव कासावीस होतो, पण माणूस लाखात एक.

वसाहतीच्या तोंडाशी पाण्याची टाकी दिसली. तीच ना रे? नोकरीला लागलास तेव्हा दर रविवारी तू तिच्या शिडीवर चढून फोन करायचास. वारा भणाणायचा, अर्धे शब्द उडून जायचे, आणि आई इकडून ओरडायची, "खाली उतर मेल्या, पडशील!" तेव्हा तुमच्याकडे खरोखरच रेंज नव्हती. तेव्हा तुझा एक रविवार चुकला नाही.

तुझ्या गल्लीत शिरलो तेव्हा दिवे लागत होते. तुझी खिडकी उघडी होती. तू टेबलाशी बसून मोबाइलवर काहीतरी बघत होतास आणि हसत होतास. व्हिडिओ असणार, आणि तो कुठे अडकत नव्हता. माझ्यापुढच्या सगळ्या फोनवर दांड्या भरलेल्या. मी पर्समधून माझा फोन काढला आणि तुला लावला.

रिंग गेली. तुझं हसणं गेलं. तू उचलला नाहीस, कापलाही नाहीस. वाजून थांबेपर्यंत त्याच्याकडे नुसता बघत राहिलास. मग पालथा घातलास आणि वर वर्तमानपत्र ठेवलंस. जरा वेळाने वर्तमानपत्र काढलंस, काहीतरी टाइप केलंस, आणि माझा फोन टुणकन वाजला. "रेंज नाही गं. नंतर करतो."

इतक्या झटपट पोचलेला मेसेज मी सबंध नोकरीत पाहिलेला नाही.

काकांनी वाकून वाचलं. माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. "ताई, आत जायचं का?"

"नको, काका. आपला रूट पूर्ण करू."

"अहो, पण भाऊच ना तुमचा?"

"म्हणूनच."

मी दारात उभी राहिले असते तर तू लावला असतास फोन. हेडमास्तरांसमोर माफी मागतात तसा. तसला फोन आईला नको आहे. आणि खरं सांगू? माझा हात उठला असता.

तू का करत नाहीस ते मला माहीत नाही असं समजू नकोस. शेवटचा फोन केलास तेव्हा मी आईच्या शेजारीच बसले होते. तिने "हॅलो" म्हटलं आणि तू म्हणालास, "आईला देता का जरा?" आई म्हणाली, "अरे, मीच बोलतेय." मग "रेंज जातेय" म्हणालास आणि ठेवून दिलास. त्या घोगऱ्या आवाजाला तू घाबरलास. आईला त्याचं हसूच आलं होतं. "स्वतःच्या आईला ओळखलं नाही बघ गाढवाने," असं शेजारणीला कौतुकाने सांगत सुटली. घाबरायला काय, तिलाही येतं दादा. मलाही येतं. आम्ही कुठे पालथं घालून ठेवायचं ते?

रिपोर्टमध्ये तुझ्या दारापुढच्या जागेसाठी मी लिहिलं, "आवाज स्पष्ट. अडचण नाही." घरी आल्यावर आईने विचारलं, "भेटला का गं?" म्हटलं, वेळच मिळाला नाही. "आणि रेंज?" यथातथाच आहे, म्हटलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि भिंतीकडे कूस वळवली.

काका सोमवारी पुन्हा तिकडे येणार आहेत, उरलेल्या गल्ल्या करायला. हे पत्र तेच तुझ्या पेटीत टाकतील. म्हणजे तुझ्या हातात मंगळवार आहे आणि बुधवार आहे.

तुझ्यासाठी खोटं बोलून बोलून दमलेली
बुटकी


२८ मार्च

दादा,

हे पत्र पाकिटात घातलेलं नाही. काकांच्या हाती उघडंच देतेय, आणि त्यांना बजावलंय की तुझं वाचून होईपर्यंत दारातून हलायचं नाही. कारण आधीची दोन तू फोडलीच नाहीस. मला ते कालच कळलं. कसं, ते सांगते, पण आधी ज्यासाठी ती लिहिली होती ते वाच.

आईच्या घशात गाठ होती. वीस तारखेला ऑपरेशन झालं. गाठ सगळी निघाली, आई वाचली. स्वरयंत्र काढलं. आता तिला आवाज नाही. पुन्हा येणारही नाही. बोलायचं असलं की पाटीवर लिहिते.

आदल्या दिवशी ती सकाळपासून फोन घेऊन बसली होती. चार्जरची वायर पुरेना, तर वॉर्डबॉयकडून पलंग सरकवून घेतला. नर्सने दोनदा दटावलं, "आजी, घशाला आराम द्या." आई म्हणाली, "उद्यापासून आरामच आहे." संध्याकाळपर्यंत कितीतरी फोन आले. मामाचा आला, शेजारणीचा आला, कर्ज हवंय का विचारणाऱ्या बाईचासुद्धा आला. प्रत्येक वेळी ती पदर सारखा करून उचलायची.

मग मला म्हणाली, "तुझ्या फोनवर माझं बोलणं धरून ठेवता येतं ना? लाव." मी लावलं. तिचं पहिलंच वाक्य असं, "बाळा, ही म्हणते तुझ्याकडे रेंज नाही. हिला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. नाक लाल होतं हिचं."

म्हणजे सगळं माहीत होतं तिला. माझा नकाशा, तुझी रेंज, सगळं. पुढे ती काय म्हणाली ते मी इथे लिहिणार नाही. बराच वेळ बोलली, मध्ये मध्ये पाणी पीत. संपल्यावर म्हणाली, "त्याच्याकडे रेंज आली की पाठव." त्यानंतर ती बोललीच नाही. सकाळी आत नेतानाही नाही, नुसता माझा गाल थोपटला. होता नव्हता तो आवाज तिने तुझ्यासाठी वापरून टाकला. इतकं सगळं करणारी मी, आणि माझ्या वाट्याला एक वाक्य उरलं नाही. मला ते लागलं. का लपवू?

आता कालचं. मी खाली औषधं आणायला गेले होते. परत आले तर आई उशीला टेकून बसलेली, फोन कानाला, आणि तुझा आवाज दारापर्यंत येत होता. तू ओरडतच होतास. "हॅलो? आई? अगं बोल की! ऐकू येतंय का? हॅलो!"

आईचे ओठ हलत होते. मग तिने पाटीवरची पेन्सिल घेतली आणि फोनवर टकटक केलं. एकदा, दोनदा, मग जोरजोरात.

"कसली खडखड आहे ही," तू म्हणालास. "छे, रेंजच नाही." आणि ठेवून दिलास.

तेव्हा कळलं मला, की तू पत्रं उघडलेली नाहीस. या वेळी तू खोटं बोलला नाहीस दादा. तुला खरंच तसं वाटलं. एवढ्या दिवसांनी स्वतःहून फोन केलास, आई पलीकडे होती, आवाज काचेसारखा स्वच्छ होता, आणि तुला वाटलं रेंज नाही. मला ते सहन होत नाही. तुझी कीव येते आणि संतापही येतो, आणि दोन्ही एकदम येतं.

मी तुला उलट फोन लावायला निघाले तर आईने माझं मनगट धरलं. पाटी ओढली आणि लिहायला लागली. मला वाटलं, आता तरी तुला दोन शब्द सुनावेल. तिने लिहिलं, "सर्दी झालीय त्याला. वाफ घे म्हणावं."

घे वाफ.

तिचं ते बोलणं अजून माझ्या फोनमध्येच आहे. आई रोज पाटीवर विचारते, "पाठवलंस?" पाठवायला कितीसा वेळ लागतो? तुझ्या टेबलापर्यंत कसं आणि किती पटकन पोचतं ते मी स्वतः तपासून आलेय. पण मी तिला सांगते, "नाही गं आई, तिकडे रेंज नाही." ती माझ्या नाकाकडे बघते आणि पाटी पुसते.

इतके दिवस हे खोटं मी तुझ्यासाठी बोलले. आता माझ्या हट्टासाठी बोलतेय. ते बोलणं तुला तिथे बसून ऐकायला मिळणार नाही, आणि पालथं घालून वर वर्तमानपत्र ठेवायलाही मिळणार नाही. इथे ये. तिच्या पलंगाशी बस आणि ती समोर असताना ऐक. तिला उत्तम ऐकू येतं. तुला जे काही बोलायचं असेल ते बोल, मध्येच ती काही विचारणार नाही.

आता वाचून झालं असेल. काका दारात उभे आहेत. त्यांची गाडी इकडेच परत यायची आहे आणि त्यांच्या शेजारची सीट रिकामी आहे. तू इथे दारात उभा राहिलास, की मी आईला सांगेन, त्याच्याकडे रेंज आली.

वाट आई बघतेय, मी नाही.

बुटकी